काठीखालची डबी

मनस्वी माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात खेळाच्या मशीनची काठी होती, खालच्या पत्र्यासकट उपसलेली. दुसऱ्या हातात वायर लोंबणारी एक छोटी डबी.

"बाई, ही काठी नुसती हलते. ती गोल फिरवली तरी मशीनला कळेल, असं करता येईल?"

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून पनवेलच्या आमच्या गल्लीतली मुलं बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात. चालू वस्तू मोडून आणणारी ही पहिलीच.

"घरी विचारलंस?"

"विचारलं. म्हणून तर रविवारपर्यंतच वेळ आहे."

मनस्वी सहावीत आहे, समोरच्या बंगल्यातल्या हरेशची मुलगी. बंद पडलेल्या एका गेम झोनमधून हरेशने ते व्हिडिओ गेमचं उभं मशीन तिच्यासाठी आणलं होतं. पण त्यावर खरे रमले ते त्याचे वडील, काशिराम. तरुणपणी मिठागरात राबलेला माणूस, नातीबरोबर रोज दुपारी रणगाड्यांची लढाई खेळायचा. डाव्या हाताच्या काठीने रणगाडा चालवायचा आणि उजव्या हाताने शेजारची गोल मूठ फिरवून तोफ वळवायची. फेब्रुवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, डावा हात नाही. एकदा ते मशीनपुढे बसले, मिनिटभरात हरले आणि उठून खोलीत गेले. त्यानंतर बाहेर येणं जवळजवळ बंदच.

"एकाच हातात दोन्ही दिलं तर येतील," मनस्वी म्हणाली. "रविवारी एकदाच बसणार म्हणालेत. नाही जमलं तर परत विषय काढायचा नाही."

त्या दिवशी गुरुवार होता.

तिने आणलेली डबी त्या गोल मुठीखालची होती. मूठ फिरली की डबीचा दांडा फिरतो आणि डबी फेऱ्या मोजून मशीनला कळवते. म्हणजे नवीन काही आणायला नको होतं. डबी काठीखाली जोडायची, एवढंच. वायर थोडी वाढवावी लागणार होती. ती मनस्वीने स्वतः सोल्डर लावून झाळली, जीभ दाताखाली धरून. काठीचं खालचं टोक आणि डबीचा दांडा यांवर सलाइनच्या नळीचा तुकडा घट्ट चढवला. काठीच्या वरच्या टोकाच्या गोळ्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, म्हणजे पकड सुटणार नाही.

फिरवून पाहिलं. काठी फिरली, तिच्याबरोबर अख्खी डबीही फिरली. मोजणार काय?

"धरून ठेवायला हवी," मनस्वी म्हणाली, आणि शुक्रवारी तिने डबी पत्र्याला पक्की चिकटवून टाकली. आता मोजणी झाली, पण काठी कुठेच झुकेना. रणगाडा जागचा हलेना.

मला उत्तर माहीत होतं. पण मी सांगितलं असतं तर ते माझं झालं असतं. मी एवढंच म्हटलं, "पहिल्यांदा काय चुकलं आणि दुसऱ्यांदा काय चुकलं, दोन्ही कागदावर लिही."

शनिवारी संध्याकाळी हरेश आला. उलव्याच्या साइटवरून थेट, बुटांवर सिमेंट तसंच.

"बाई, तुम्हाला येतंय ना? मग लावून टाका की. माझा बाप एकदाच बसणार आहे, त्यात तुमची शाळा कशाला?"

"उद्या दहापर्यंत तिला दे. नाहीतर मी लावते."

तो गेला खरा, पण माझ्याही मनात धाकधूक होती. त्याचं काही चूक नव्हतं.

रविवारी सकाळी डबी पुन्हा सुटी करून मनस्वी काठी हलवत बसली होती. दुसऱ्या हाताचं एक बोट तिने डबीच्या कडेला, वायर निघते तिथे, सहज टेकवलं होतं. काठी झुकली, डबी बोटावरून सरकली. काठी फिरवली, डबी बोटाला अडली. ती थांबली. परत करून पाहिलं.

"बाई! घट्ट धरायची नाहीच. हलू दे तिला. फक्त फिरू द्यायची नाही!"

"मग बोटाच्या जागी काय?"

ती धावत जाऊन सायकलच्या चाकाची तार घेऊन आली. तारेचा तुकडा डबीला बांधला आणि त्याचं मोकळं टोक पत्र्यावरच्या दोन स्क्रूंच्या मधल्या फटीत सोडलं. तार फटीत मागेपुढे सरकत होती, पण वळत नव्हती. पावणेदहा वाजले होते.

समोरच्या बंगल्यात जाऊन आम्ही काठी मशीनमध्ये बसवली, तोवर हरेशच्या मागोमाग काशिराम खोलीतून आले. कुणाकडे न बघता खुर्चीत बसले. उजव्या हाताने काठी पुढे केली, रणगाडा चालला. मग तीच काठी उजवीकडे फिरवली. तोफ डावीकडे वळली.

मनस्वीच्या लगेच लक्षात आलं. वायर वाढवताना हिरवी आणि पांढरी उलटी जोडली गेली होती. हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं. काशिरामनी काठी पुन्हा उजवीकडे फिरवली, तोफ पुन्हा डावीकडे.

"यो तं आमचा हरेश हाय," ते म्हणाले. "उजवीकडं सांगला का डावीकडं जातंय."

"बाबा!" हरेश म्हणाला, पण हसला.

"आजोबा, पाचच मिनिटं. उठू नका हं."

"मी कंदी उठलो? कर गो बाय."

मी फक्त काठी उलटी धरून उभी राहिले. दोन वायरी मनस्वीनेच सोडवल्या, तिनेच अदलाबदल करून झाळल्या. पाचाची बारा मिनिटं झाली. तेवढा वेळ म्हातारा खुर्चीत बसून होता.

आता तोफ सांगितलेल्या बाजूला वळली. पहिला डाव ते हरले, दुसराही. तिसऱ्यात त्यांनी नातीचा रणगाडा कोपऱ्यात गाठून उडवला.

"आजोबा, हे चीटिंग आहे! मी अजून तयार नव्हते!"

"लढाईत कोन इचारतंय? परत लाव."

मी नीट बघावं म्हणून पुढे वाकले, तर त्यांनी मान वर न करता मला कोपराने बाजूला सारलं.

"मास्तरीणबाय, जरा सरकून उभ्या ऱ्हा. मना काय दिसत नाय."