आधी बूट

"एकटे बसू नका, काका. जवळ कोणीतरी असू द्या," कॉम्प्युटरबाई फोनवर सांगत होत्या. "आणि नीट ऐका. पहिला फोटो आधी बघायचा. तो तुमच्या माणसाचा वाटला नाही, तर पुढचे उघडायचेच नाहीत. कळलं?"

"कळलं, बाई. शेजारच्या मास्तरीणबाईंकडे कॉम्प्युटर आहे. त्यांच्याच घरातून बोलतोय. त्या बसतील माझ्याजवळ." पलीकडचा आवाज म्हाताऱ्याचा होता. फोनवर जोरातच बोलावे लागते, अशा समजुतीने तो बोलत होता.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर शवागाराला लागून एक खोली होती. पूर्वी तिथे झाडू आणि बादल्या ठेवत, आता बाई बसत. ओळख न पटलेले प्रेत आले की त्याचे फोटो काढायचे आणि आमचा माणूस बेपत्ता आहे असा लांबून कोणाचा फोन आला, की ते मेलने पाठवायचे, हे त्यांचे काम. हळदीकुंकवाला बोलावण्यासारखी बाई नव्हे, असे त्या स्वतःच हसत सांगायच्या.

या कामाला त्यांनी स्वतःची एक रीत लावून घेतली होती. पहिला फोटो पायातल्या वस्तूचा. मग कपडे, मग हात, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी. क्रम चुकू नये म्हणून एकेक फोटो वेगळा जोडायचा. साहेब म्हणायचे, "अहो, सगळे एकदम निवडा आणि द्या पाठवून. मिनिटाचं काम." बाई "हो साहेब" म्हणायच्या आणि आपलेच खरे करायच्या. ज्याला कळायचे त्याला बुटावरूनही कळते, आणि चेहरा समोर यायच्या आत खुर्चीचा हात धरायला त्याला जरा उसंत मिळते. ज्याचा माणूस नसतो, त्याला परक्याचे मढे जन्मभर डोळ्यांपुढे वागवावे लागत नाही.

आजचा तरुण नदीत सापडला होता. पाण्याने त्याच्या चेहऱ्याचे पार वाटोळे केले होते. ज्यांना कोणी ओळखले नाही त्यांना अंत्यविधीसाठी न्यायला आज दुपारी पालिकेची गाडी यायची होती. गाडीत गेला, की तो कोण होता हे पुन्हा कोणी विचारणार नव्हते.

"पायात काय होतं तुमच्या मुलाच्या?" बाईंनी विचारले.

"बूट. तपकिरी. माझं बूटदुरुस्तीचं दुकान आहे ना. डाव्याची टाच उसवली होती, मीच शिवून दिली. काळा दोरा संपलेला, म्हणून लाल घातला. माझ्यावर चिडला. म्हणाला, लोक हसतील." म्हातारा स्वतःच हसला. "टाचेचा दोरा कोण बघायला येतंय?"

बाईंनी समोरच्या पडद्याकडे बघितले. एकच बूट, डावा. टाचेला लाल टाके, जवळजवळ घातलेले, पाण्यातही न सुटलेले. पण आपण तोंडाने काही सांगायचे नाही, हाही त्यांचाच नियम होता. भेदरलेला माणूस ऐकीव गोष्टीवर भलत्यालाच आपला म्हणतो. त्याने बघून म्हणावे.

"पाठवते," एवढेच म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि वीज गेली.

ती आली तेव्हा गाडीची वेळ होत आली होती. कॉम्प्युटर दमेकऱ्यासारखा धापा टाकत सुरू झाला. बाईंनी एकेक करून फोटो जोडले, तर मेल परत आली. फोटो फार मोठे होते. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तेव्हा बाईंनी साहेबांचे ऐकले. सगळे फोटो एकदम निवडले, शेवटच्या फोटोवर उजवे बटण दाबले, लहान करून पाठवायचे असे कॉम्प्युटरला सांगितले. या खेपेला मेल गेली. बाईंनी घाम पुसला.

थोड्याच वेळात फोन आला.

"बाई, तो आमचा नाही." म्हाताऱ्याचा आवाज रडवेला होता, पण आनंदाने. "पहिलाच फोटो उघडला. नाही हो, तो आमचा नाही. कोणाचं लेकरू असेल बिचारं. तुम्ही सांगितलं तसं पुढचं काही बघितलं नाही. मास्तरीणबाईंना म्हटलं, बंद करा. त्याच्या आईला सांगून आलो. अंथरुणातून उठली. चहा टाकते म्हणाली."

"पहिला फोटो कशाचा होता, काका?"

"चेहऱ्याचा. तुमचे फार उपकार झाले, बाई."

फोन ठेवून बाईंनी पाठवलेली मेल उघडली. चेहरा सगळ्यांत वर होता. सगळे निवडून ज्या फोटोवर आपण बटण दाबतो, तोच रांगेत पुढे जाऊन बसतो, हे त्यांना आज कळत होते. बूट त्याच्या खाली होता.

शवागारात काम करणारा दादा दारात येऊन उभा राहिला. "गाडीवाला घाई करतोय. काय म्हणाले ते?"

"नाही म्हणाले."

"मग द्यायचा ना?"

बाईंनी त्याला पडद्यावरचे लाल टाके दाखवले आणि काय झाले ते सांगितले.

"राहू द्या की, बाई," तो हळूच म्हणाला. "बाप आहे. त्याला निदान आशा तरी राहील."

"कसली आशा? मरेपर्यंत दाराकडे बघत बसतील दोघं."

"आपण थोडंच त्याला मारलंय?"

"नाही मारलं. पण सापडलेला मुलगा पुन्हा हरवला तो माझ्यामुळे."

दादाचे ऐकावे असे त्यांना अगदी मनापासून वाटले. कुठल्याशा घरात या क्षणी एक बाई चहा टाकत होती, आणि तो तिला सुखाने पिऊ द्यावा असे वाटत होते. स्वतःचा त्यांना भयंकर राग आला. मग त्यांनी नवी मेल उघडली, एकच फोटो जोडला, आणि नंबर फिरवला.

"काका, एक फोटो बघायचा राहिला. आत्ता पाठवलाय."

"कशाचा?"

"बुटाचा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मास्तरीणबाईंचे "थांबा, उघडतेय" आले. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"लाल आहे," म्हातारा म्हणाला. आता तो अगदी हळू बोलत होता. "काळा संपला होता हो."

"हो, काका."

"दुसरा कुठाय?"

"एकच सापडला."

"बरं. मी निघतो. उद्या सकाळी पोचेन. तोवर ठेवाल ना त्याला?"

"ठेवते," बाई म्हणाल्या. त्यांनी दादाकडे बघून मान हलवली, आणि तो गाडीवाल्याला परत पाठवायला गेला.

सकाळी बाई आल्या तेव्हा काका दाराशी उभे होते. आवाजावरून वाटला होता त्यापेक्षा माणूस फारच लहानखुरा होता. त्यांनी प्रेत बघितले, सांगितले तिथे सह्या केल्या. मग पिशवीतून एक तपकिरी बूट काढून टेबलावर ठेवला. उजवा.

"एकानं जोड दुरुस्तीला टाकला होता, न्यायलाच आला नाही," ते म्हणाले. "माप तेच आहे. एका पायानं कसा पाठवू?"

बाईंनी कपाटातून डावा बूट आणून त्याच्या शेजारी ठेवला. पाण्याने तो काळपट पडला होता, रंग जुळत नव्हता.

"पॉलिश केलं की कळत नाही," ते म्हणाले, आणि खिशातून फडके काढून तिथेच खाली बसले.