एबर्लेबाईंच्या वाटेवरचं फावडं

मी एक जुनं बर्फ लोटायचं फावडं आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर मला एका जागी स्वस्थ उभं राहणं जमत नाही. जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावातल्या एका घरात, जिन्याखाली, छत्र्या आणि बुटांच्या गर्दीत माझा मुक्काम असतो. हिवाळ्यात आभाळ भरून आलं की माझी चुळबुळ सुरू होते. आज बर्फ पडेल का? पडला तर मला कोण नेईल? वेळेवर नेईल ना?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. गुळगुळीत लाकडी दांडा, अ‍ॅल्युमिनियमचं रुंद पातं आणि पात्याच्या कडेला पोलादी पट्टी. या घराच्या पहिल्या मालकाने मला विकत आणलं. बर्फ चिकटू नये म्हणून तो आधी माझ्या पात्यावर मेणबत्ती घासायचा आणि मगच कामाला लागायचा. येणारेजाणारे त्याच्या साफ वाटेचं कौतुक करायचे, आणि मी ते निम्मं माझ्या खात्यात घालायचो. त्याने घर विकलं तेव्हा घराबरोबर मीही यशपाल आणि क्षमाकडे आलो. दोघं नागपूरचे, इथे इंजिनिअर.

आमची गल्ली चढाची आणि खाजगी. नगरपालिकेची बर्फ काढणारी गाडी कोपऱ्यावरूनच वळते. आतला बर्फ काढायची जबाबदारी घरमालकांच्या संघाची, आणि संघाने ती पाळीपाळीने वाटून घेतलेली. ज्याच्या दाराला केअरवोखची, म्हणजे झाडलोटीच्या आठवड्याची, लाकडी पाटी अडकवली, त्या आठवड्यात गल्ली त्याची. कुणी घसरून पडलं तर जाबही त्यालाच.

गल्लीत सगळ्यात वर एबर्लेबाई एकट्या राहतात. त्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं आहे, म्हणून एक दिवसाआड टॅक्सी त्यांना डायलिसिसला घेऊन जाते. वाट बंद झाली आणि टॅक्सी चुकली, तर बाईंच्या जिवावर बेतायचं. आता सांगा, मी स्वस्थ कसा राहू?

२००५च्या जानेवारीतली गोष्ट. पाटी आमच्या दारावर होती. यशपाल कंपनीच्या कामासाठी बाहेरगावी गेला होता आणि त्याची आई, कांताबाई, पहिल्यांदाच जर्मनीला आल्या होत्या. सकाळी पातळसा बर्फ पडलेला दिसला. क्षमाने मला दाराबाहेर ठेवलं आणि ती आवरायला आत गेली. पण कांताबाई जन्मभर रोज अंगणात सडा घालत आलेल्या. सुनेला कशाला एवढी मेहनत, म्हणून त्यांनी बादल्या भरभरून गरम पाणी आणलं आणि चढावर ओतलं. बर्फ वाहून गेला, खालचा डांबरी रस्ता दिसू लागला. बाई खूश. मी भिंतीला टेकून नुसता तळमळत होतो. कडाक्याच्या थंडीत त्या पाण्याचं काय होणार ते मला ठाऊक होतं, पण मला सांगायला तोंड कुठे आहे?

क्षमा बाहेर आली तेव्हा गल्लीची काच झाली होती.

"अहो आई, हे काय केलंत?"

"अंगण धुतलं गं. तू आवर तुझं, तुला ट्रेन गाठायची आहे ना?"

"अहो, गोठलंय ते सगळं. आता एबर्लेबाई खाली कशा उतरणार?"

कांताबाईंनी एक पाऊल पुढे टाकलं आणि घाईघाईने दाराची चौकट धरली. त्यांचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात टॅक्सी आली. थोडी चढली, चाकं जागीच फिरली आणि ती मागे घसरली. वर एबर्लेबाई काठी आणि पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. घसरू नये म्हणून पसरायची खडी गल्लीतल्या पेटीत असते, तीही संपलेली. क्षमाने मला उचलून बर्फावर दणादण आपटलं. माझी पट्टी वाकली, बर्फावर नुसते ओरखडे उठले. मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं.

कांताबाई आत गेल्या आणि सतरंज्या, चादरी, जुन्या लुगड्यांची स्वतः शिवून आणलेली वाकळ, जे हाताला लागलं ते घेऊन आल्या.

"व्याह्यांना पायघड्या घालतो ना लग्नात, तशा घालू. धर ते टोक."

भिंतीला धरून दोघी अंथरत अंथरत वर पोचल्या. एबर्लेबाई वाकळीपाशी थबकल्या. तिच्यावर बूट ठेवायला त्यांचं मन होईना.

"पाय ठेवा बाई, धुता येते ती," कांताबाई मराठीतच म्हणाल्या.

"या, या," म्हणजे जर्मनमध्ये 'हो, हो', म्हणत एबर्लेबाईंनी पाऊल टाकलं. एका बाजूला कांताबाई, दुसऱ्या बाजूला क्षमा, आणि क्षमाच्या हातात आधाराला मी. त्या दिवशी टॅक्सी चुकली नाही.

पुढे घरमालकांच्या बैठकीत हा प्रकार निघाला. पाळ्या बंद झाल्या आणि बर्फाचं काम एका ठेकेदाराला दिलं. सगळे सुटले. मी छत्र्यांच्या मागे गेलो, माझ्यावर कोळ्याने जाळं विणलं.

आज पुन्हा बर्फ पडला आहे. ठेकेदाराचं यंत्र घरघरत येऊन गेलं. इतक्यात नागपूरहून फोन आला. कांताबाई फोनवर इतक्या मोठ्याने बोलतात की जिन्याखाली मला शब्द न् शब्द ऐकू येतो.

"एबर्लेबाई बसल्या का गाडीत?"

"बसल्या असतील, आई. आता मशीन येतं, आपल्याला काही करावं लागत नाही."

"असतील म्हणजे? तू पाहिलंस का?"

क्षमा फोन कानाला धरूनच दाराशी गेली. तिने दार उघडलं. गल्ली साफ होती आणि टॅक्सी थेट वर जाऊन उभी होती. पण ठेका गल्लीपुरता. एबर्लेबाईंच्या फाटकाच्या आत गुडघाभर बर्फ तसाच होता आणि त्यापलीकडे बाई दारात उभ्या होत्या.

क्षमाने फोन तसाच ठेवला, छत्र्या बाजूला सारल्या आणि मला बाहेर ओढलं.

मित्रांनो, बर्फ काढायला यंत्र ठेवा, माणसं ठेवा, माझी काही तक्रार नाही. मला अडगळीत टाकलंत तरी चालेल. फक्त बर्फ पडला की एकदा दार उघडून बघत जा, कोण अडकलं आहे ते. याहून जास्त बोलायला मला आता सवड नाही. बाईंच्या पायऱ्या अजून दिसत नाहीत.