ती थांबलीये, मी बिघडलो नाही

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. एवढी वर्षं दुसऱ्यांचंच ऐकवलं, आज जरा माझं ऐका. आणि ऐकताना कृपा करून माझ्या डोक्यावर थाप मारू नका.

माझा जन्म कारखान्यातला. कुणी मोटर बसवली, कुणी स्पीकर, कुणी बटणं. मार सोसायची सोय मात्र कुणीच केली नाही. पुढे काकूंच्या भावाने मला विकत घेतलं आणि बहिणीच्या हवाली केलं, तेही शिलाईच्या दुकानात. मास्तर कापड बेततात, काकू, म्हणजे त्यांची बायको, शिवतात. मी कपाटावर, रिळांच्या डब्याला टेकून.

भावाने सोबत एक कॅसेटही भरून दिली होती. तिच्यात एक बाई गाते. गाणी तिचीच, चालीही तिच्याच. हातात एक तारांचं वाद्य, तेही इतकं हळू वाजवते, की जणू शेजारी कुणी झोपलंय. दुसरं वाद्य म्हणून नाही. आवाज असा, की रिकाम्या घरात कुणी आपलं नाव घेतल्यासारखं वाटावं. एक ओळ गाते आणि गप्प बसते. चांगली गप्प बसते. मग तिच्या मनात आलं की दुसरी ओळ.

इथेच माझं नशीब फुटलं. ती गप्प झाली की मास्तर कात्री ठेवणार, उठणार आणि धाडकन माझ्या टाळक्यात हाणणार. नेमकी तेवढ्यात तिची दुसरी ओळ सुरू. मग मास्तर गिऱ्हाइकाकडे बघून म्हणणार, याला असंच लागतं. गाणार ती, मार खाणार मी आणि शाबासकी मास्तरांना. गिऱ्हाइकंही शिकली. बाहीचं माप देता देता दुसरा हात मोकळा असला, की तो माझ्या डोक्यावर.

काकू सांगून थकल्या. “अहो, ती थांबलीये, तो बिघडला नाही.”

“गाणारीने गावं,” मास्तर म्हणायचे. “थांबायला आपण आहोत ना.”

काकू तिला खरं ऐकायच्या दुपारी, मास्तर जेवायला गेले की. मशीन बंद, हात मांडीवर. त्यांचा तो चेहरा बघितला की मी माझे पोचे विसरायचो.

शेवटी मास्तरांनी मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने माझं पोट उघडलं, पुसलं, मिटलं आणि तीच कॅसेट लावली. ती गप्प झाली. त्यानेही माझ्या टाळक्यात एक थाप हाणली. म्हणाला, मास्तर, हा भंगारात द्या, नवा घ्या. नव्याला कॅसेटचं तोंडच नसतं, हे मास्तरांच्या गावीही नव्हतं. काकूंना ठाऊक होतं.

मला दुकानात परत आणलं तेव्हा काकू भांडल्या नाहीत. त्यांनी मशीनवरचा पाय काढला, पंखा बंद केला, दार लोटलं, मला सुरू केलं आणि म्हणाल्या, “उद्या द्या भंगारात. आज इथे बसा.”

मास्तर बसले. ती गायली, गप्प झाली. मास्तरांचा हात सवयीने वर आला. काकूंनी तो धरला नाही, नुसतं बघितलं. त्या दुकानात एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. आणि त्या शांततेत माझ्या जाळीतून तिचा श्वास ऐकू आला. मग तारेवरून बोट सरकल्याची बारीक करकर.

मास्तरांचा हात हवेतच राहिला. “अगं,” ते हळूच म्हणाले, “आहे की ती आत.”

“मग कुठे जाणार?” काकू म्हणाल्या.

भंगार टळलं. आता मास्तर गिऱ्हाइकांनाच दटावतात, हात लावू नका, ती विचार करतेय. रोज दुपारी दोघं शेजारी शेजारी बसून ऐकतात. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

कसला सुटतोय. आज दुसऱ्या ओळीनंतर माझ्या पोटातला रबरी पट्टा खरोखरच घसरला. गाणं बंद, चाकं बंद, सगळंच बंद. आणि हे दोघं डोळे मिटून बसलेत. दारात गिऱ्हाईक आलं, त्याला मास्तरांनी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. चहा निवून गेला. काकू कुजबुजल्या, “आज फारच छान थांबलीये.”

अहो मास्तर, आयुष्यभर नको तेव्हा मारलंत. आता तरी एक मारा.