उजवा बूट

प्रेमलाने पुढच्या उजव्या चाकामागे हात घातला आणि ग्रीसने माखलेली बोटं बाहेर काढली. एक्सलच्या सांध्यातलं ग्रीस धरून ठेवणारा रबरी बूट पुन्हा फाटला होता. डावा मात्र नव्यासारखा धड.

"तुझा हातच वाकडा," ओट्यावरून सासरे बिरूमामा म्हणाले. "बाईकडं गाडी दिली, हीच चूक. उद्यापासून रामेश्वर चालवंल."

रामेश्वर म्हणजे धाकटा दीर. लायसन्स नुकतंच हाती आलेलं, पण गडी गाडीच्या आरशात बघून भांग पाडू लागला होता. प्रेमलाच्या अंगाचा तिळपापड झाला. पिंपळगाव रेणुकाई ते जाफराबाद प्रवासी न्यायचा धंदा तिनं एकटीनं उभा केला होता. घरादारात 'ऊठ तिथून' असं तिला कुणी म्हणत नसे, अशी स्टेअरिंगमागची ती एकच जागा होती.

जाफराबादला राधेश्याम मिस्त्रीने गाडीखालूनच विचारलं,

"ताई, स्टेअरिंग पुरं उजवीकडं दाबून रोज कुठं फिरवून राह्यल्या का? वळताना आतल्या चाकाचं रबर जास्त दुमडतं. तिथंच चिरतं."

प्रेमलाला हसूच फुटलं. रोज निघण्याआधी गाडीनं देवीच्या देवळाला पाच प्रदक्षिणा घालायच्या, हा बिरूमामांचा नवस. बोळ अरुंद, आणि प्रदक्षिणा तर नेहमी उजवीकडेच वळणार.

घरी येऊन तिनं हे सांगितलं, तर मामा उसळले.

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

"वाकडं न्हाई, मामा. गोल हाय."

सकाळी रामेश्वर आंघोळीहून येईपर्यंत ती स्टेअरिंगवर बसलेली होती. मागे प्रवासी, शेजारी नारळ घेऊन बिरूमामा. देवळापाशी तिनं इंजिन बंद केलं.

"थांबली कामून? फेरे घाल."

"पायानं घालू. गाडी बिलकुल फिरणार न्हाई."

"देवी कोपंल!"

"कोपली तर माझ्यावर कोपंल. गाडी मी चालवते."

मामांचा चेहरा लालबुंद झाला. मागच्या सीटवरच्या गोपिकाबाईंनी दार उघडलं.

"मला त्या गोल फिरण्यानं रोज भवळ येती, बाई. मंग कुणाला सांगावं?"

एकेक करत सगळे उतरले. मामा बसून राहिले. मग तेही उतरले आणि दार धाडकन आपटलं. सुनेनं सासऱ्याच्या मागून चालायचं, अशी घरची रीत. प्रेमला त्यांच्यासाठी थांबली नाही. पदर खोचून ती पुढे झाली आणि प्रदक्षिणेला लागली.