ताईच्या नावाचा किडा

ताईच्या बैठकीच्या खोलीत घड्याळाशेजारी एका किड्याचा फोटो चौकटीत लावलेला होता. समुद्रातला किडा, अंगाच्या दोन्ही बाजूंना राठ केसांचे झुबके. पाहुणा टेकायचा अवकाश, ताई सुरू व्हायची. "हा आमचा! धाकटीने शोधला आणि माझं नाव दिलं. नवऱ्याने जन्मात एक फूल दिलं नाही, बहिणीने अख्खा किडा दिला!"

धाकटी संग्रहालयात समुद्री किड्यांच्या जाती ओळखायचं काम करायची. आई गेल्यावर ताईने स्वतःचं शिक्षण सोडून तिला वाढवलं होतं. तिचे पांग फेडायचे म्हणून ती नव्या जातीसाठी उतावीळ झाली, आणि त्या उतावीळपणानेच घात केला.

जिवंत किडे आधी गुंगवायचे, मग स्पिरिटमध्ये टाकायचे, हा त्या कामातला पहिला धडा. नाहीतर ते आकसतात आणि तुटतात. तिने घाईत तसेच टाकले. मग बरणीतल्या तुकड्यांतून एक डोकं आणि एक पंख्यासारखी शेपटी जुळवली. असं डोकं आणि अशी शेपटी एकाच किड्याला आजवर कुणी पाहिली नव्हती. कशी पाहणार? तुटलेल्या कडा नीट बसत नाहीत हे तिला तेव्हाही दिसलं होतं, पण तिने काणाडोळा केला. वर्णन छापून आलं, ताईचं नाव लागलं.

आज बरणीत स्पिरिट भरताना आतल्या चिठ्ठीमागे चिकटलेला एक तुकडा सुटून आला. साधी, निमुळती शेपटी. सूक्ष्मदर्शकाखाली ती त्या डोक्याला अशी चपखल बसली की धाकटीच्या तोंडचं पाणीच पळालं. डोकं एका जुन्या जातीचं, पंखा दुसऱ्या जुन्या जातीचा. नवं काहीच नव्हतं.

तिने तुकड्याची बशी उचलली, बेसिनपाशी गेली आणि नळ सोडला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर शिंपल्यांच्या जाती ओळखणारे सहकारी, सगळ्यांचे शिंपलेवाले, हात धुवायला आले आणि बशीत डोकावले.

"अरे वा, ताईच्या किड्याच्या बरणीत आणखी एक शेपटी निघाली की काय?"

नळ बंद करून तिला हो म्हणावं लागलं.

संध्याकाळी ताईकडे विहीणबाई आल्या होत्या. धाकटीने ताईला स्वयंपाकघरात गाठलं आणि खाली मान घालून सांगितलं. दोन किडे एक केले, आता चूक छापून ती जात रद्द करावी लागणार.

 ताई खळखळून हसली. "म्हणजे डोकं एकाचं, शेपूट दुसऱ्याचं आणि नाव माझं! बरं, चल."

ती तशीच बाहेर गेली. "विहीणबाई, आमचा किडा रद्द झाला बरं का! पण चूक पकडली कुणी? आमच्या धाकटीनेच. दुसरी असती तर गुपचूप बसली असती."

विहीणबाई कौतुकाने बघायला लागल्या. धाकटीचे कान तापले. या कौतुकापेक्षा ताईने चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं, असं तिला वाटलं.

"मी नाही पकडली, ताई. मी ती शेपटी बेसिनमध्ये ओतत होते. शिंपलेवाले आले म्हणून राहिली."

ताईचा चेहरा उतरला. किडा गेला तेव्हा उतरला नव्हता.

"एवढं नसतं सांगितलंस तरी चाललं असतं गं," ती हळूच म्हणाली, आणि स्टुलावर चढून किड्याचा फोटो भिंतीवरून खाली काढायला लागली.