डोळ्याएवढं पोट

दुकान त्याचं, खुर्च्या त्याच्या, कात्र्या त्याच्या. गिऱ्हाइकं त्याला मास्टर म्हणत. पण सासरे सलूनमध्ये येऊन बसायला लागले, दिवसभर "जावईबापू, जावईबापू" सुरू झालं, आणि बघता बघता तो अख्ख्या गल्लीचा जावई झाला. आपणही त्याला जावईच म्हणू. त्याची आता काही हरकत उरलेली नाही.

बोलण्यात हा माणूस कुणाला हार जाणारा नव्हता. वकील असो की डॉक्टर, एकदा मान हातात आली की राजकारणापासून गुडघेदुखीपर्यंत कशावरही तो मत देई. सासऱ्यांसमोर मात्र त्याची दातखीळ बसे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरगी कॉलेजात गेली, तरी "मामा, जरा पाय वर घ्या, केस झाडायचेत" एवढं सांगायचं म्हटलं तरी तो आधी दोनदा घसा खाकरी.

सासरे जन्मभर वाढपी होते. एका मोठ्या वसतिगृहाच्या भोजनगृहात, बाकांच्या रांगांमधून, हातात भांडं आणि खांद्यावर फडकं. "वाढू का?" असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. ते वाढत आणि पुढे जात. आपल्या रांगेतलं पोर कधी अर्धपोटी उठलं नाही, याचा त्यांना भारी अभिमान. मग नोकरी संपली, मग सासूबाई गेल्या, आणि वाढायला समोर कुणी उरलं नाही. लेकीकडे राहायला आले ते खिडकीशी बसले, ते बसलेच. दाढी वाढली, जेवण दोन घासांवर आलं. बायको एकच धोशा लावून होती, "अहो, बाबांचं काहीतरी करा."

जावयाने काय केलं, तर घर बदलताना एका गिऱ्हाइकाने देऊन टाकलेला मासा टाकीसकट दुकानात आणून ठेवला आणि घसा खाकरून म्हणाला, "मामा, मला दिवसभर सवड नसते. याच्या खाण्याचं तुम्ही बघाल का?"

दुसऱ्या दिवशी सासरे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, त्याच्याआधी दाराशी उभे.

मासा बेट्टा जातीचा. बोटाएवढा, निळा, शेपटीचा घोळ अंगापेक्षा मोठा. स्वभावाने असा भांडकुदळ की दुसरा नर शेजारी खपत नाही, म्हणून टाकीत एकटाच. त्याचा एकंदर तोरा बघून गिऱ्हाइकांनी त्याला साहेब म्हणायला सुरुवात केली. सासरे टाकीशेजारी खुर्ची टाकून बसत. ते जरा हलले की साहेब तरातरा काचेशी येत, तोंड उघडमीट करत, अंगाला हेलकावे देत. "बघा, भुकेलाय बिचारा," म्हणून सासरे डबी उघडत आणि चिमूटभर दाणे पाण्यात टाकत. हात आखडता घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. वर आलेल्या-गेलेल्याला आग्रह, "घ्या, तुम्हीही घाला थोडे." जावई आरशातून हे सगळं बघे आणि त्याला बरं वाटे. सासरे आता पोटभर जेवत होते, बायको हसत होती. आणखी काय हवं?

पण एके सकाळी साहेब वाकडे झाले. पोट वाटाण्यासारखं टरटरून फुगलेलं, आणि तोरा कुठल्या कुठे. खाली जायला बघत आणि बुचासारखे पुन्हा वर येत, तेही एका कुशीवर.

"अशक्तपणा आलाय," सासरे म्हणाले. "खाणं कमी पडतंय त्याला." आणि डबी शोधायला लागले.

"मामा!" जावई इतक्या जोरात ओरडला की खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकलं. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे, ते, घरी टॉवेल राहिलेत. तेवढे आणता का?"

सासरे टॉवेल आणायला वळले तसा जावई अंगावरच्या केसांसकट कोपऱ्यावरच्या शोभेच्या माशांच्या दुकानात धावला. तिथल्या बाई कोपरापर्यंत पाण्यात हात घालून टाकी घासत होत्या. हात न काढताच त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खवले कसे आहेत? ताठ उभे राहिलेत का अंगाला चिकटून?"

"चिकटून."

"मग वेळेत आलात. खायला काय देता?"

"दाणे."

"किती?"

जावयाने चिमूट दाखवली. बाईंनी डोळे मिटून घेतले. "आणि दिवसातून किती वेळा?"

"ते... मागेल तसं."

"अहो, तो मागणारच! पोट भरलं तरी मागतो, नुसतं कुणी काचेसमोर उभं राहिलं तरी मागतो. त्याचं पोट केवढं असतं माहीत आहे का? त्याच्या डोळ्याएवढं. त्यात तुम्ही कोरडे दाणे कोंबताय. ते आत जाऊन फुगतात. तो तरी काय करणार?"

उपाय त्यांनी एका दमात सांगितला. दोन दिवस काही म्हणजे काही द्यायचं नाही. थोडं पाणी बदलायचं, ते गार पडू द्यायचं नाही. मग भिजवलेले दोन-तीन दाणे, तेही तो खाईल तेवढेच, उरले तर लगेच काढून टाकायचे. आणि बरा झाला तरी अधूनमधून एखादा दिवस पोटाला विश्रांती.

"घालतं कोण खायला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आमचे सासरे."

"मग आधी त्यांच्याकडची डबी काढून घ्या."

हे मात्र जावयाला जमणारं नव्हतं. परत येताना त्याने बायकोला फोन लावला.

"डबी काढून घेऊ नका हं," ती म्हणाली. "नाहीतर बाबा उद्यापासून पुन्हा खिडकीशी बसतील."

"मग मासा मरेल."

"मासाही मरता कामा नये. त्यांच्या हातून मेला असं झालं तर मग संपलंच सगळं."

"वा! म्हणजे मी करायचं तरी काय?"

"बोला ना त्यांच्याशी. जगाशी तर दिवसभर तोंड चालू असतं तुमचं."

जगाशी बोलणं निराळं. जावयाने दुकानात येऊन आधी काय केलं, तर डबी पावडरच्या डब्यांमागे लपवली. सासरे टॉवेल घेऊन आले, दोन मिनिटं इकडेतिकडे बघितलं, आणि नेमका हात पावडरच्या डब्यांमागे घालून म्हणाले, "ही इथे कुणी ठेवली?" जावई कात्री पुसत राहिला.

तेवढ्यात घड्याळजी दाढीला आले. रोजचे गिऱ्हाईक, समोरच त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. जावयाने त्यांच्या तोंडाला फेस लावता लावता कानात सगळं सांगितलं आणि जरा आडून विषय काढा म्हणून गळ घातली. घड्याळजींनी मान डोलावली आणि फेसातूनच गरजले, "काय हो, जास्त खायला घातलं की मासे फुगून मरतात म्हणे!"

जावयाला वाटलं, टाकीत उडी मारून साहेबांशेजारी आपणही उलटं तरंगावं.

"जावईबापूंनी सांगायला लावलं ना?" सासरे म्हणाले.

घड्याळजींनी फेसाने माखलेलं तोंड छताकडे वळवलं. मग जावयाला बोलावंच लागलं. त्याने ब्रश खाली ठेवला, घसा खाकरला, पुन्हा खाकरला, आणि बाईंनी सांगितलं ते सगळं सांगून टाकलं. डोळ्याएवढं पोट, कोरडे दाणे, दोन दिवसांची उपासमार. एक डबी काढून घ्यायचं तेवढं त्याच्या तोंडून निघालं नाही.

सासरे उठले आणि टाकीपाशी वाकून साहेबांच्या डोळ्याकडे बघत राहिले. बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा उतरलेला आरशातून स्पष्ट दिसत होता, आणि जावयाला वाटलं, झालं, बसले हे खिडकीशी.

"आमच्याकडे पोरं ताटावर हात आडवा धरायची," सासरे म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "मी आपला वाढत जायचो. हात आडवा आला की समजायचं, झालं याचं. तोवर थांबायचं नाही. चाळीस वर्षं त्या हाताकडे बघून वाढलं. याला हातच नाही हो."

मग त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं, ती शर्टाच्या खिशात टाकली आणि खुर्चीत जाऊन बसले.

डबी खिशात! जावयाचा जीव पुन्हा टांगणीला. अपराधी वाटणारा माणूस काय करतो? माया करायला जातो. आणि सासऱ्यांना माया करायची एकच रीत ठाऊक होती. दिवसभर तो एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक आरशातल्या कोपऱ्यावर ठेवून काम करत राहिला. खिशात डबी खुळखुळली की त्याचा हात थांबे. एका बँकवाल्याचा डावा कल्ला उजव्यापेक्षा चांगला बोटभर वर गेला, ते बरोबर करताना बिचाऱ्याचे दोन्ही गेले.

सासऱ्यांनी मात्र डबी काढली नाही. पाणी बदललं, हात बुडवून कोमट आहे ना बघितलं, आणि पहाऱ्याला बसले. कुणी टाकीकडे निघालं की खुर्चीतूनच सांगत, "साहेब आज कुणाला भेटणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी साहेब जरा सरळ झाले. आणि सरळ झाल्याबरोबर मागायला लागले. काचेशी येत, तोंड उघडमीट करत, हेलकावे देत. सासरे जागचे हलत नाहीत म्हटल्यावर ते टाकीच्या दुसऱ्या बाजूला, जावयाच्या खुर्चीकडे आले. जावई केस कापतोय आणि साहेब त्याच्याकडे टक लावून बघतायत. काय ते डोळे! दुपारी दुकान रिकामं झालं तेव्हा जावयाला राहवेना. एक दाणा, फक्त एक, त्याने काय होणार आहे? सासऱ्यांचा डोळा लागलेला होता. जावयाने खुंटीवरचा त्यांचा कोट चाचपला, खण उघडून बघितला, मग हळूच खुर्चीपाशी गेला. झोपेतही सासऱ्यांचा तळहात शर्टाच्या खिशावर होता. तो पाय न वाजवता परत फिरला आणि उगाचच कंगवे धुवायला लागला.

तिसऱ्या सकाळी जावई शटर वर करतोय न करतोय, तोच सासरे त्याच्या हाताखालून वाकून आत शिरले, आणि आतून आवाज आला, "जावईबापू! या! लवकर या!"

टाकीच्या तळाशी बारीक तपकिरी ठिपके पडले होते.

"साहेबांचं पोट साफ झालं!" सासरे म्हणाले. त्यांनी हे घड्याळजींना रस्त्यापलीकडे ओरडून सांगितलं. घड्याळजी भिंग डोळ्याला तसंच ठेवून बघायला आले आणि त्यांनी फुगलेलं पोट उतरल्याचा निर्वाळा दिला. साहेब खाली-वर, आडवे-उभे, शेपटीचा घोळ पसरून फिरत होते. जावयाचे डोळे भरून आले. एका माशाच्या शौचावरून! पण आले खरे.

घड्याळजी गेले. सासऱ्यांनी चमच्यात पाणी घेतलं, त्यात मोजके दाणे भिजत घातले. ते फुगून मऊ होईपर्यंत दोघंही चमच्यात बघत राहिले. मग सासऱ्यांनी चमचा आणि डबी दोन्ही जावयापुढे धरली.

"तुम्ही घाला. आणि डबी तुमच्याकडेच राहू द्या आता."

"का, मामा?"

"माझा हात वाढप्याचा. त्याचा भरवसा नाही. पुन्हा काही झालं तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "मी आपला घरी बसेन. घरीही बरं असतं."

बाईंनी सांगितलं होतं तेच आपोआप घडत होतं. डबी चालून हातात येत होती. जावयाने हात पुढे केला नाही. घसा खाकरायचंही तो विसरला.

"मामा, खरं सांगू? काल दुपारी तुम्ही झोपला होतात तेव्हा मी डबी शोधत होतो. कोट चाचपला तुमचा. मला बघवेना त्याच्याकडे. डबी माझ्याकडे असती ना, तर मी कालच घातलं असतं त्याला, आणि एकावर थांबलो नसतो. तुमच्या खिशात होती म्हणून वाचला तो."

सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मिशीखाली काहीतरी हललं.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "झोपलो नव्हतो मी. खण उघडलात तोही ऐकला."

"मग बोलला नाहीत ते?"

"तुम्ही दोन दिवस माझ्यावर आरशातून पहारा करत होता. मी बोललो का काही?"

जावई हसला. मग सासरेही हसायला लागले, चमच्यातलं पाणी हिंदकळेपर्यंत. ते थांबले तेव्हा त्यांनी चमचा टाकीत कलता केला. साहेबांनी पहिला दाणा गिळला, दुसरा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा गिळला, आणि लगेच काचेशी येऊन तोंड उघडलं. जणू तीन दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.

सासऱ्यांनी झाकण लावलं, डबी खिशात टाकली आणि जावयाकडे बोट रोखलं.

"तुमचं काही खरं नाही, जावईबापू. उद्या सकाळी मी आल्याशिवाय या टाकीला हात लावायचा नाही. सांगून ठेवतो."

"नाही लावत, मामा," जावई म्हणाला. कुणाची बोलणी खाऊन त्याला आयुष्यात इतकं बरं वाटलं नव्हतं.