दारात न मावणारा घरजावई

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. नुसता जुना नाही, अवाढव्यही आहे. उंच माणसाच्या खांद्याला लागेन एवढी माझी उंची, आणि रुंदीचं तर विचारूच नका. त्या रुंदीपायीच मला सगळे घरजावई म्हणतात. ते कसं झालं, ते आधी सांगतो.

माझा जन्म शिवणकामाच्या एका दुकानामागच्या खोलीत झाला. दुकान ताईंचं. आठवडाभर त्या पायाने शिलाई मशीन चालवायच्या आणि रविवारी संध्याकाळी मागच्या खोलीत रेगे ऐकायच्या. रेगे म्हणजे जमैका नावाच्या बेटावरचं संगीत. त्याला कसली म्हणून घाई नसते. आपण ताल धरायला हात उचलावा, तर ते खुशाल गप्प बसतं, आणि आपण गोंधळलो की ड्रमचा ठोका पडतो. गिटार मध्येच चक् चक् करत राहते आणि सगळ्यांच्या खालून खर्जात घुमणारी बेस गिटार संथपणे चालत असते.

"चांगलं गाणं एकटीने ऐकलं की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं," ताई म्हणायच्या. म्हणून त्यांनी माणसं जमवली. दातांचे डॉक्टर आले, बस चालवणारे दादा आले, सुतारमामा आले. प्रत्येकाने आपल्या आवडीची एक तबकडी आणायची, ती का आवडते ते दोन वाक्यांत सांगायचं आणि गाणं सुरू झालं की तोंडाला कुलूप, असा रिवाज पडला. डॉक्टरांना दोन वाक्यं कधीच पुरली नाहीत. दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांची तोंडं उघडी, पण उत्तर देता येत नाही; मग बिचारे रविवारी सगळी कसर भरून काढत.

पण त्यांच्याकडचा स्पीकर होता एवढासा. त्यातून बेस ऐकू येण्याऐवजी माशी घोंगावल्यासारखं वाटे.

"मीच करतो की खोका!" सुतारमामा म्हणाले. "असा करतो की खिडकीच्या काचा थरथरतील."

मामांनी त्या खोलीतच जाड फळ्या कापल्या, जोडल्या, घासून गुळगुळीत केल्या. फार मायेने केलं हो त्यांनी माझं. शेवटी पॉलिश करायला मला अंगणात न्यायचं ठरलं आणि मी दारात अडकलो. मला उभा केला, आडवा केला, तिरपा केला. मी काही हलेना.

"मामा, दाराचं माप घेतलं होतंत ना?" दादांनी विचारलं.

"खोलीचं घेतलं होतं," मामा घाम पुसत म्हणाले.

ताई हसून हसून खाली बसल्या. "राहू दे आता इथेच. घरजावई मिळाला म्हणायचा!"

असा मी त्या घरचा झालो. ताईंनी माझी फार बडदास्त ठेवली. माझ्यावर कोणी टेकायचं नाही, हात ठेवायचा नाही, चहाचा कप तर मुळीच नाही. एकदा डॉक्टर बोलण्याच्या भरात कोपर टेकून उभे राहिले, तर ताईंनी मोजपट्टीने फटका दिला. मीही त्या मानपानाने फुगून बसायचो.

ताईंची तबकडी नेहमी शेवटी लागायची. बंदरावर बोटीची वाट पाहणाऱ्या माणसाचं गाणं होतं ते. त्याच्या मध्यावर बेस अचानक नाहीसा होतो. नुसते ड्रम उरतात, तेही लांबून आल्यासारखे. त्या क्षणी ताई एक बोट वर करायच्या. सगळे श्वास रोखून त्या बोटाकडे बघायचे. बोट खाली आलं की त्याच क्षणी माझ्या पोटातून बेस परत यायचा, काचा थरथरायच्या आणि दादा "आला रे आला!" म्हणून ओरडायचे. ती शांतता नेमकी केव्हा संपणार, हे ओळखणं ताईंसारखं कोणालाच साधलं नाही.

मग दिवस पालटले. गाणी फोनमध्ये मावू लागली. लोक एकमेकांना गाणी पाठवायचे, पण पाठवलेलं गाणं कोणी ऐकलं की नाही, देव जाणे. तरी आमची चौकडी येत राहिली. खरा घाव पुढेच होता. ताईंना ऐकू येईनासं झालं.

त्यांनी ते कोणाला कळू दिलं नाही. त्या ओठ वाचायला शिकल्या, सगळे हसले की हसायच्या. एका रविवारी त्यांच्या तबकडीवरची सुई अडकली. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला आणि ताई मात्र डोळे मिटून मान डोलावत होत्या. ताईंनी डोळे उघडले, तिघांचे चेहरे पाहिले आणि त्या काय ते समजल्या. त्यांनी सुई उचलली, तबकडी कव्हरात घातली आणि सांगितलं, "पुढच्या रविवारपासून येऊ नका."

मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो. खोली बंद झाली. ज्या माझ्यावर कपही चालत नव्हता, त्या माझ्यावर कापडाचे गठ्ठे चढले. धुळीने माझी जाळी बुजली.

ताईंची लेक आता दुकान बघत होती. गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला खोली हवी होती. ती वाईट नव्हती हो, पण मी अर्धी खोली अडवून बसलो होतो आणि दारातून तर निघत नव्हतो. "आई, कापावाच लागेल," ती ओठ नीट हलवत म्हणाली. ताईंनी नुसती मान हलवली. "काप. मला काय त्याचं आता?"

करवत घेऊन कोण आलं असेल? सुतारमामाच आले. पण येताना ते डॉक्टरांना आणि दादांनाही घेऊन आले. "कापायच्या आधी एकदा वाजवू द्या," ते लेकीला म्हणाले. "माझ्या हातचा आहे."

गठ्ठे उतरले. दादांनी तारा जोडल्या. डॉक्टरांनी, आश्चर्य म्हणजे एकही वाक्य न बोलता, ताईंची तबकडी लावली. मी घसा साफ केला आणि जीव ओतून वाजू लागलो.

ताई तेवढ्यात कात्री शोधायला आत आल्या. माणसं बघून माझ्यापाशीच थबकल्या. परत फिरताना खाली पडलेल्या गठ्ठ्यात त्यांचा पाय अडकला आणि तोल सावरायला त्यांनी दोन्ही तळवे माझ्यावर टेकले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच!

हात त्यांनी काढले नाहीत. उलट गालही टेकवला. शिलाई मशीन चालवावी तसा त्यांचा उजवा पाय हलू लागला, अगदी तालात. मला कळलं, मित्रांनो. बेस माझ्या फळ्यांतून त्यांच्या हाडांत पोचत होता. मी आणखी जोर लावला.

गाणं मध्यावर आलं. बेस नाहीसा झाला. आणि ताईंचं बोट वर गेलं.

लेकीने तोंडावर हात ठेवला. मामांची करवत हातातच राहिली. बोट वर होतं, अजूनही वरच होतं. मग ते खाली आलं आणि त्याच क्षणी मी गरजलो. काचा थरथरल्या.

"आला रे आला!" दादा ओरडले. ते ताईंना ऐकू आलं नाही, पण त्यांनी दादांचे ओठ वाचले आणि त्या खळखळून हसल्या. "अरे, तुमच्या तबकड्या कुठायत? रिकाम्या हाताने आलात होय?"

लेक डोळे पुसत सुतारमामांकडे वळली. "मामा, करवत चालवाच. पण दारावर!"

त्या दिवशी चौकट निघाली, बाजूची फळ्यांची भिंत कापली गेली आणि हा घरजावई पहिल्यांदा उंबरा ओलांडून रस्त्यावर आला. आता रविवारी मी दुकानापुढे वाजतो. ओळखीचे-अनोळखी आपापली गाणी घेऊन येतात. ताईंचं गाणं अजूनही शेवटी लागतं आणि मध्यावर सगळा रस्ता बोट वर करून उभा असतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी लाडकी वस्तू असेल. तिला धूळ खाऊ देऊ नका. आणि माझ्यासारखी नुसती मानाने बसवूनही ठेवू नका. ताईंनी मला हात लावू दिला नाही, तेव्हा मी फार सुखात होतो. पण त्यांच्या कामी आलो तो त्यांनी हात टेकला तेव्हा. या रविवारी तुमचं आवडतं गाणं घेऊन या. दोन वाक्यं सांगा, आणि माझ्यावर खुशाल टेका.